जुने गणित, नवे यंत्र
(संतपूर येथे शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



जुन्या गणिती आज्ञावली नव्या संगणकावर कशा चालवाव्यात, हा आजचा विषय. तो केवळ तज्ज्ञांचा आहे असे आपणांस वाटेल. परंतु औराद तालुक्यातील या भागाला असा प्रसंग नवा नाही. निजामी राजवटीत येथील व्यवहार हाली सिक्क्यांत होत असे. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार रुपये. पुढे हाली सिक्का मागे पडला आणि १९५९ मध्ये त्याचे चलन संपुष्टात आले. त्याआधी १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते. वहीतील देणेघेणे तेच राहिले, मोजण्याची रीत मात्र बदलली. ज्याला रूपांतर नीट येत होते, त्याचेच नुकसान टळले. जुनी आज्ञावली आणि नवे यंत्र यांचे नाते असेच आहे.

संगणकातील कार्यप्रणाली म्हणजे त्या यंत्राचा कारभारी होय. आकडे साठविणे, पडद्यावर दाखविणे, कागदावर छापणे ही सारी कामे आज्ञावली या कारभाऱ्याकडून करून घेते. १९८० नंतरच्या दशकात डॉस या कारभाऱ्यासाठी लिहिलेल्या आज्ञावली सोळा बिटांच्या होत्या. आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजला त्यांची भाषा कळत नाही. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर केवळ चौसष्ट बिटांचीच आहे. त्यामुळे आज्ञावलीतील गणित बिनचूक असूनही ती सुरूच होत नाही. कित्येकदा यंत्राचा वेगच आड येतो. टर्बो पास्कल भाषेतील अनेक आज्ञावली आरंभी यंत्राचा वेग मोजून घेत. पुढे यंत्रे इतकी वेगवान झाली की त्या मोजणीचे उत्तर ठरलेल्या जागेत मावेनासे झाले, आणि शून्याने भागाकार झाल्याची सूचना देऊन आज्ञावली बंद पडू लागली. दोष गणिताचा नव्हता. भावी यंत्राची कल्पना कोणी केली नव्हती, इतकेच.

ही अडचण आपल्या देशाला संगणकाच्या आरंभापासूनच परिचित आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा स्वदेशी संगणक कार्यान्वित झाला. त्याच्या आज्ञा त्या यंत्राच्याच अंकभाषेत लिहाव्या लागत. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. एका यंत्राच्या अंकभाषेतील आज्ञा दुसऱ्याला कळणे शक्य नव्हते. याउलट फोरट्रानसारख्या उच्चस्तरीय भाषेत लिहिलेले गणित थोड्याफार फेरफारांनी दुसऱ्या यंत्रावर नेता येते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. बीजगणित सोडविणारी मॅक्सिमा ही प्रणाली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत १९६८ च्या सुमारास सुरू झालेल्या मॅक्सिमाच्या पूर्वज प्रणालीतून, म्हणजे मॅकसिमातून, निपजली. टेक्सास विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून तिची एक प्रत सांभाळली आणि १९९८ मध्ये ती सर्वांना खुली करण्याची अनुमती मिळविली. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी मूळ लेखन उपलब्ध असल्याने स्वयंसेवकांनी काम पुढे नेले. आज ती विंडोज व लिनक्स या दोहोंवर विनामूल्य चालते. बीज जपले तर पीक पुन्हा घेता येते, हाच याचा बोध.

आपल्या शाळेत वा कार्यालयात असा प्रसंग आल्यास तीन मार्ग आहेत. पहिला, नव्या यंत्रात जुन्या यंत्राचा भास निर्माण करणे. डॉसबॉक्स ही विनामूल्य आज्ञावली नेमके हेच करते. दुसरा, नव्या संगणकात आभासी संगणक उभारून त्यात जुनी कार्यप्रणाली बसविणे. तिसरा, मूळ लेखन हाती असल्यास ते नव्या प्रणालीसाठी पुन्हा सिद्ध करणे. यांपैकी तिसरा मार्ग श्रमाचा, पण सर्वांत टिकाऊ आहे.

मात्र आज्ञावली सुरू झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये. याविषयी माझीच एक चूक सांगतो. आमच्या घरच्या शेतीचा तक्ता जुन्या आज्ञावलीत होता. तीत ३.२५ म्हणजे तीन एकर पंचवीस गुंठे, आणि २.३० म्हणजे दोन एकर तीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून बेरीज सहा एकर पंधरा गुंठे. मी तेच आकडे नव्या संगणकाच्या तक्त्यात घातले. त्याने ते दशांश समजून ५.५५ एकर, म्हणजे पाच एकर बावीस गुंठे, अशी बेरीज दिली. तेहतीस गुंठे जमीन कागदावरून नाहीशी झाली! चुकीची सूचना आली नाही, यंत्र अडखळले नाही. थोरल्या बंधूंनी बोटांवर हिशेब केला, तेव्हा चूक उघडकीस आली. बंद पडलेली आज्ञावली निदान आपणांस सावध करते. चुकीचे उत्तर देणारी आज्ञावली गाफील ठेवते.

यास्तव काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यातील आज्ञावली, मूळ लेखन व माहिती यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. कोणता आकडा कोणत्या मापात आहे, हे कागदावर स्पष्ट लिहून ठेवावे. एकर आणि गुंठे यांचे रकाने वेगळे करावेत. उत्तर आधीच ठाऊक असलेली दहा उदाहरणे जुन्या व नव्या दोन्ही यंत्रांवर सोडवून उत्तरे ताडून पाहावीत. शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास त्यांना अपूर्णांकांचा पाठही मिळेल.

बंधुभगिनींनो, यंत्रे येतील आणि जातील. पहाणीतला एक गुंठा मात्र ज्याचा त्याला जन्मभर पुरतो. तो राखण्याची जबाबदारी यंत्रावर टाकता येणार नाही. ती आपलीच आहे.