ऑक्सिजन पहाटे मोजा

दीक्षान्त समारंभात अभिनंदनाचं काम पाहुण्या बाईंनी दोन वाक्यांत उरकलं. पदवी मिळाली, आईवडिलांच्या कष्टांचं चीज झालं, असं म्हणून त्यांनी थेट विचारलं, "पंचगंगेचं पाणी बाटलीत भरून तुमच्यापैकी कोणी तपासलंय?" सभागृहात पर्यावरणशास्त्राचे पदवीधर होते, तसे वाणिज्य आणि कला शाखेचेही होते, आणि 'पर्यावरण' हा सक्तीचा पेपर त्या सगळ्यांनीच दिलेला होता. हात वर झाले ते मोजकेच. बाईंची उभी नोकरी पाण्याचे नमुने तपासण्यात गेली. त्यामुळे पुढे उपदेश कमी आणि आठवणी जास्त होणार, हे तिथेच ठरून गेलं.

पहिली आठवण निघाली ती नमुन्याच्या बाटलीची. 300 मिलिलिटरची, घट्ट बसणाऱ्या काचेच्या बुचाची. ती पाण्यात बुडवून अशी भरायची की आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. मग काठावर बसूनच आत मँगनीज सल्फेट सोडायचं, त्यामागून अल्कली-आयोडाइड. बूच लावून बाटली खालीवर केली की साका धरतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी होतो; नसेल तर पांढराच राहतो. पुढचं काम प्रयोगशाळेत. आम्ल घालायचं, थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत ब्युरेटवर नजर ठेवायची, तेव्हा कुठे आकडा हाती लागतो. हंगेरीचे लायोश विंकलर यांनी 1888 मध्ये बसवून दिलेली ही पद्धत आजही चालते. आता पाण्यात बुडवायचे मीटर आलेत, तरी मीटरवर शंका आली की विंकलरच्या पद्धतीनेच ताडून बघतात. बाईंनी ही कृती इतक्या तब्येतीने सांगितली की पुढच्या रांगेतल्या एका मुलीने ती वहीत उतरवून घेतली. दीक्षान्त समारंभाला वही घेऊन येणारी मुलगी विरळाच.

पंचगंगा ही बाईंच्या नोकरीतली मुख्य नदी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, आणि लोक मानतात ती गुप्त सरस्वती, अशा पाच प्रवाहांची नदी प्रयाग चिखलीला तयार होते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. अंतर फार नाही. पण तेवढ्या वाटेत कोल्हापूर शहराचे नाले आहेत, काठच्या गावांची गटारं आहेत, साखर कारखाने आहेत, इचलकरंजीतले कापडाचे प्रोसेस कारखाने आहेत. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल याचं माप, साधारण लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅम असतो. नदीत सोडायच्या पाण्याला कायद्याने मर्यादा 30 ची. आणि डिस्टिलरीतून निघणारं, गावकरी ज्याला मळीचं पाणी म्हणतात ते, हजारांच्या हिशेबात जातं. ते थोडंसं जरी नदीत सुटलं तरी खाली काय होतं ते शिरोळ तालुक्यातल्या लोकांना विचारावं. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या त्यांनी कितीदा वाचल्या असतील.

त्यात आपल्याकडचे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घालतात आणि पाणी अडतं. शेतीला ते हवंच आहे, त्याबद्दल बाईंची तक्रार नव्हती. पण पाण्याबरोबर वरून आलेला मैलाही तिथेच थांबतो. उन्हाळ्यात पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो: 20 अंशाला लिटरमध्ये 9 मिलिग्रॅमच्या आसपास, 30 अंशाला साडेसात. म्हणजे नदीची ऐपत सगळ्यात कमी असते तेव्हाच तिच्यावर सगळ्यात जास्त ओझं पडतं. वर केंदाळ पसरतं, पाण्याला हवा लागत नाही.

इथे बाईंना बंधाऱ्यावरचा एक म्हातारा मासेमार आठवला. त्या तरुण होत्या, नव्या होत्या, आणि कार्यालयाची जीप त्यांना रोज अकराच्या सुमारास काठावर सोडायची. आकडे वाईट यायचे, पण मासे मरावेत इतके वाईट कधी नाही. मासे मात्र मरत होते. म्हातारा काही दिवस बघत राहिला आणि मग म्हणाला, "बाई, पाटंचं या की. ऊन चढल्यावर पाणी बरंच दिसतंय."

त्याचं बोलणं शास्त्रात चोख बसणारं होतं. साचलेल्या हिरव्या पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन तळाला जातो तो सूर्य उगवायच्या आधी. मासे तेव्हा तोंड वर काढून धडपडत असतात. अकरा वाजता तोच बंधारा तपासला तर आकडा सुधारलेला मिळतो, आणि तो आकडा खोटा नसतो. फक्त चुकीच्या वेळेचा असतो. बाईंनी वरिष्ठांकडे पहाटेच्या नमुन्यांची परवानगी मागितली. गाडीचा चालक तेवढ्या लवकर मिळत नाही, असं लेखी उत्तर आलं. इतक्या वर्षांनीही हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता, आणि तो चढायलाच हवा होता.

पर्यावरणशास्त्र म्हणजे काय, हे त्यांनी या चालकाच्याच गोष्टीवरून समजावलं. मासे का मेले, या एका प्रश्नात रसायनशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे, पाटबंधारे खात्याचं वेळापत्रक आहे, साखरेचा हंगाम आहे, कापड रंगवण्याचं अर्थकारण आहे, कायदा आहे आणि सरकारी जीपची वेळही आहे. यातला एक धागा धरून बसलं तर उत्तर मिळत नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे विषाणू येतात ते माणसाच्या मैल्यातून. तिथे ऑक्सिजनचा आकडा पुरत नाही. जलवाहिनी कुठे गळते, गटार तिच्या किती जवळून जातं, क्लोरिन शेवटच्या नळापर्यंत टिकतो का, हे सगळं शोधावं लागतं. अशा साथीत ई प्रकारची कावीळ असेल तर गरोदर बायकांच्या जिवावर बेतते. वाणिज्य शाखेच्या मुलांकडे वळून त्या म्हणाल्या, "नगरपालिकेत जलवाहिन्यांसाठी किती पैसे धरायचे हे उद्या तुमच्यातलंच कोणीतरी ठरवणार आहे. म्हणून हा विषय तुम्हालाही आहे."

विषय सक्तीचा कसा झाला, याचाही इतिहास त्यांनी सांगितला. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा 1969 मध्येच केला आणि 1970 मध्ये त्यासाठी प्रदूषण मंडळ नेमलं. संयुक्त राष्ट्रांची स्टॉकहोमची पर्यावरण परिषद झाली ती त्यानंतर, 1972 मध्ये. केंद्राचा पाण्याचा कायदा 1974 चा. म्हणजे आपलं राज्य या कामात मागे नव्हतं. पुढे डिसेंबर 1984 मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घडली आणि 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये आदेश दिला की हा विषय शाळा-महाविद्यालयांत सर्वांना शिकवावा. हललं कोणीच नाही. 2003 मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा अभ्यासक्रम लागू झाला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी, जे मूळचे शल्यचिकित्सक. त्या अभ्यासक्रमात 50 तास होते आणि त्यातले 5 प्रत्यक्ष बाहेर जाऊन करायच्या कामाचे.

या पाच तासांवर बाई अडून बसल्या. निवृत्तीनंतर काही महाविद्यालयांत त्यांना परीक्षक म्हणून बोलावत. ज्या प्राध्यापकाचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात हा विषय घातलेला, नदी दोन किलोमीटरवर, आणि प्रकल्प म्हणून समोर थर्माकोलचा डोंगर, थर्माकोलची नदी. वह्यांतला मजकूर तर शब्दाला शब्द सारखा. ओढ्यावर नेऊन एक बाटली भरून आणायला काय लागतं, असं त्यांनी विचारलं की विमा, परवानगी, वेळापत्रक अशी कारणं पुढे केली जात. मुलांचा यात दोष नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

तिथून भाषण व्यवसायाकडे वळलं, आणि तिथे बाई सर्वांत जास्त वेळ रेंगाळल्या. मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल लागतो. त्यासाठी आधी 1994 ची अधिसूचना होती, मग 2006 ची आली. अहवाल करणाऱ्या सल्लागाराला पैसे देतो तो प्रकल्पवालाच. मूळ पाहणी बहुधा एकाच ऋतूची असते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून. कोकणातले सडे ज्यांनी पाहिलेत त्यांना याचा अर्थ कळेल. मे महिन्यात सडा म्हणजे काळा, भाजलेला जांभा दगड. त्यावर काही नाही असं कोणीही प्रामाणिकपणे लिहील. जुलैपासून त्याच दगडावर कीटकभक्षी वनस्पती येतात, पाण्याची डबकी बेडकांनी भरतात, पुढे सप्टेंबरात सगळा सडा फुलतो. पाहणी मेमध्ये केली की कागदावर तो पडीक ठरतो. आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या बॉक्साइट खाणीचा तो अहवाल तर प्रसिद्धच आहे, ज्यात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरला होता. कोकणातले पक्षी त्यात स्प्रूस आणि बर्चच्या जंगलात राहत होते.

असाच एक कागद बाईंपुढेही आला होता. निवृत्तीनंतर एका सल्लागार कंपनीने त्यांना बोलावलं. टेबलावर पाण्याच्या तपासणीचे तक्ते तयार होते, आठ ठिकाणांचे, दशांशापर्यंतचे. बाईंनी नमुन्यांच्या बाटल्यांची नोंदवही मागितली. ती नव्हती. सही करण्यापुरतंच काम आहे, असं त्यांना समजावण्यात आलं. त्या उठून आल्या. पुढे तो अहवाल दुसऱ्या कोणाच्या तरी सहीने गेला.

"मोजलं नाही त्याखाली सही करू नका." हे वाक्य त्या भाषणात पुन:पुन्हा म्हणत राहिल्या. पोरांना नोकरी लागेल, पहिल्याच महिन्यात कोणीतरी तक्ता पुढे सरकवेल, घरचं कर्ज असेल, साहेब चांगला माणूस असेल. तरीही नाही. आपल्या पाण्याची, हवेची, जंगलाची सगळी भांडणं शेवटी कागदावरच्या आकड्यांवर लढली जातात. आकडाच बनावट असेल तर कायदा, न्यायालय, आंदोलन यातलं काहीही उपयोगाला येत नाही. नमुना खरा असला तरी कागद पक्का लागतो. पाण्याच्या कायद्यात नमुना समक्ष दोन भागांत विभागून, मोहोर लावून, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायला सांगितल्यात. एका सहीच्या अभावी उत्तम पुरावा वाया गेलेला बाईंनी पाहिलाय.

मग त्यांना स्वतः चालत जाऊन नोंदी करणारी माणसं आठवली. हार्वर्डहून गणिती परिसरशास्त्र शिकून आलेले माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांमधून हिंडले, गावकऱ्यांशी बोलले, कोणती झाडं कुठे उरलीत ते लिहून ठेवलं. देवरायांबद्दल आज जे आपण सहज बोलतो त्यातलं बरंच त्या पायपिटीतून आलेलं आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी पुढे आली, ती बाईंनी वाचून बाजूला ठेवली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं एक पीठ पुण्यातच आहे, तिथे बाधित माणूस स्वतः अर्ज करू शकतो, ही माहिती त्यांनी दिली. मग त्या प्राचार्यांकडे वळल्या. काचेच्या बाटल्या, ब्युरेट, थायोसल्फेट, स्टार्च हे सगळं महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात आधीपासूनच आहे, तेव्हा येत्या एप्रिलपासून, बरगे घातलेले असतानाच, बाहेरच्या कामाचे पाच तास बंधाऱ्यावर पहाटे साडेपाचला लावावेत आणि ते छापील वेळापत्रकात दाखवावेत, असं त्यांनी माइकवरूनच सांगितलं.