जिल्ह्याची सरासरी वर्गात शिकवायला येत नाही



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक : किती आणि कोण?’ मी शिक्षक नाही, शिक्षणतज्ज्ञही नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि सॉफ्टवेअरच्या कामाला लागलो. दिवसभर तक्ते वाचायचे, कोणता आकडा कुठून आला ते तपासायचं, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे आज मी तक्त्याबद्दलच बोलणार आहे.

आपल्याकडे शिक्षणावर सभा झाली की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘आपला समाज शिकत नाही.’ दुसरं, ‘सरकार आपल्याला काही देत नाही.’ दोन्ही वाक्यांवर टाळ्या पडतात आणि लोक घरी जातात. पण आपल्या गावच्या शाळेत मंजूर पदं किती, भरलेली किती आणि त्या पदांवरच्या माणसांची पात्रता काय, हे कुणी विचारत नाही.

आधी कायदा पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, ९० पर्यंत तीन. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवाच. याच कायद्याचं कलम २६ सांगतं की सरकारी आणि अनुदानित शाळेत रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. हे कलम पाठ करून ठेवा.

आता एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, एका जिल्हा परिषदेत मराठी माध्यमाची १००० पदं मंजूर आहेत आणि त्यातली ६० रिक्त आहेत. उर्दू माध्यमाची १०० पदं आहेत आणि त्यातली ३० रिक्त आहेत. एकत्र केलं तर ११०० पैकी ९०, म्हणजे साधारण ८ टक्के. साहेब सांगतील, ‘आम्ही मर्यादेत आहोत.’ पण उर्दू शाळांमध्ये दर दहा पदांपैकी तीन रिकामी आहेत. आणि शाळा दोनशिक्षकी असेल, तर एक जागा रिकामी म्हणजे निम्मी शाळा रिकामी. जिल्ह्याची सरासरी वर्गात शिकवायला येत नाही. म्हणून आपली पहिली मागणी ही असली पाहिजे की आकडे माध्यमवार आणि शाळावार द्या.

उर्दूच्या जागा रिकाम्या का राहतात? ‘मुद्दाम भरत नाहीत’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण एक मोठं कारण बिंदूनामावलीत आहे. नियमाप्रमाणे काही पदं अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव असतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार, त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या धरूनही, अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. मुसलमानाला तो मिळत नाही. आणि दलित समाजातली मुलं उर्दू माध्यमात शिकलेली क्वचितच सापडतात. म्हणजे पद मंजूर आहे, जाहिरातही निघते, पण उमेदवार नाही. वर्ष संपतं आणि जागा तशीच पुढे जाते.

इथे मला सावधपणे बोलायचं आहे. यावर कुणी ‘आरक्षणामुळे आमच्या मुलांचं नुकसान होतं’ असं म्हणालं, तर मी त्याच्यासोबत नाही. त्या जागेवर हक्क असलेला माणूसही वंचितच आहे, आणि आपल्यातले मोमीन, पिंजारी, तांबोळी इतर मागासवर्गाच्या आरक्षणातूनच पुढे आलेले आहेत. जळगावकडचे तडवी भिल्ल धर्माने मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत, कारण जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. तिथल्या मुलामुलींना उर्दू माध्यमाची शिक्षण पदविका करायला कुणी सांगितलं का? शिष्यवृत्ती दिली का? आणि उमेदवार खरोखरच नसेल तर ती जागा किती वर्षं रिकामी ठेवायची, आणि तोवर त्या वर्गाला कोण शिकवणार, हे शासनाने लेखी ठरवावं. राज्यघटनेचं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं असं सांगतं. शिक्षकाविना मातृभाषेची शाळा म्हणजे नुसती पाटी.

आता ‘कोण’ या प्रश्नाकडे येतो. पहिली ते आठवीला शिकवायचं तर व्यावसायिक पदविका किंवा पदवी हवी आणि शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण असायला हवं. १५० गुणांची परीक्षा, खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या खटल्यात निकाल दिला. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल, असं त्यात म्हटलं आहे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा, असंही न्यायालयाने सुचवलं. पण जिल्हा परिषदेची उर्दू शाळा ही अल्पसंख्याक संस्था नाही. ती सरकारी शाळा आहे. तिला हा निकाल लागू आहे.

वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवणं कठोर वाटतं, हे मला मान्य आहे. त्यांना अभ्यासवर्ग द्या, रजा द्या, उर्दूतून साहित्य द्या. पण अल्पसंख्याक म्हणून आपल्या संस्थांना पात्रतेतून कायमची सूट हवी, ही मागणी मला पटत नाही. ती सूट संस्थाचालकाला मिळते. किंमत पाचवीतली मुलगी मोजते. सावित्रीबाईंनी आधी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि मग वर्गात पाऊल टाकलं. ज्या परंपरेचं नाव आपण घेतो, तिने पात्रतेची सवलत मागितली नव्हती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पात्रता मागणाऱ्या सरकारने पगारही तसा द्यायला हवा. नवा शिक्षक पहिली तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ असतो. प्राथमिकला त्याचं मानधन अनेक वर्षं ६,००० रुपये होतं, २०२३ मध्ये ते १६,००० झालं. आणि जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला इतर कामाला लावू नये, असं कलम २७ म्हणतं. तो वर्गाबाहेर किती दिवस असतो, याचीही नोंद मागा.

शेवटी, उद्यापासून काय करायचं ते सांगतो. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, आपल्या राज्यातला २७ ने सुरू होतो. त्यावरून शाळेचं प्रगतिपत्रक कुणालाही पाहता येतं. शिक्षक किती, स्त्रिया किती, नियमित किती, कंत्राटी किती, पदवीधर किती, हे त्यात असतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. त्या समितीत बसा. तिथे मंजूर पदं, रिक्त पदं आणि कोणता विषय शिक्षकाविना आहे, एवढं विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर मिळालं नाही, तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

हे काम कंटाळवाणं आहे, त्याला टाळ्या पडत नाहीत. पण माझी इथे बसलेल्या तरुणांना विनंती आहे की प्रत्येकाने एका शाळेचा तक्ता हाती घ्यावा. पुढच्या बैठकीला भाषण कुणाचंच नको. तक्ते घेऊन या. एकेक शाळा, एकेक रिकामी जागा आपण मोठ्याने वाचू आणि मग तोच कागद जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीसमोर ठेवू.