काटा मोडला, सांधा सुजला

डाळिंबाच्या बागेत छाटणी करताना काटा लागला नाही, असा माणूस विरळा. सुईनं काटा काढायचा, हळद दाबायची आणि पुन्हा कामाला लागायचं, ही आपली रीत. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतंही. पण काटा गुडघ्यात किंवा बोटाच्या पेरात घुसला आणि टोक आतच मोडलं, तर गोष्ट वेगळी.

सांध्याच्या आत एक नाजूक अस्तर असतं. काट्याचा तुकडा शरीरात सहजी विरघळत नाही, म्हणून हे अस्तर त्याच्याशी झगडत राहतं आणि सुजतं. फसवं असं, की पहिली कळ थोड्या दिवसांत ओसरते. मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, सांधा पुन्हा सुजतो, आखडतो. तोवर काटा आपण विसरलेलो असतो! अशी सूज संधिवाताची किंवा सांध्याच्या क्षयाची वाटू शकते. खजूर-शिंदीच्या झाडाचा काटा यात विशेष कुप्रसिद्ध आहे.

साध्या एक्स-रेत काटा सहसा दिसत नाही. सोनोग्राफीत किंवा एमआरआयत सापडू शकतो. गोळ्यांनी सूज तात्पुरती दबते. खरा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून तुकडा आणि सुजलेलं अस्तर काढून टाकणं.

लहान मुलं तर काटा लागल्याचं घरी सांगतही नाहीत. म्हणून एकच सांधा सुजून राहिला असेल, तर त्यांना मायेनं विचारा, आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, "इथं काटा लागला होता." धनुर्वाताचं इंजेक्शनही चुकवू नका.