गिनीवरील बारीक अक्षर

गेल्या पावसाळ्यांत गोवंडीस एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. नातीची फी भरावयाची असल्यामुळें त्यांच्या वृद्ध मातोश्रींनीं तीन गिन्या सराफाकडे नेण्यासाठीं काढून ठेविल्या होत्या. मला जुन्या नाण्यांचा नाद आहे हें ठाऊक असल्यानें त्या म्हणाल्या, “मोडण्यापूर्वीं तुम्ही एकदां पाहून घ्या.”

गिनी हें नांव वस्तुतः १६६३ सालीं निघालेल्या निराळ्या नाण्याचें. आपल्या घरांतून आढळणारी गिनी म्हणजे सॉव्हरिन, आणि तिचें कुळ ट्यूडर राजांपर्यंत पोहोंचतें. सातवा हेन्री यानें १४८९ सालीं पहिलें सॉव्हरिन पाडविलें. वजन २४० ग्रेन, म्हणजे सुमारें १५.५ ग्रॅम, एका बाजूस सिंहासनाधिष्ठित राजा, दुसरीकडे घराण्याचें गुलाबपुष्प. गादी १४८५ सालीं रणांगणावर जिंकलेली. तेव्हां हें नाणें बाजारापेक्षां दिमाखासाठींच अधिक असावें. त्याचा पुत्र आठवा हेन्री यानें १५२६ सालीं २२ कॅरटांचें सोनें नाण्यांत आणिलें. पुढें पैशाची चणचण भासतांच १५४४ पासून तो कस उतरवीत गेला. १५४६ सालीं तो २० कॅरटांवर आला. सराफानें असें केलें तर आपण त्यास लबाड म्हणतों!

त्या काळचीं बहुतेक नाणीं हातोड्यानें ठोकून पाडीत. त्यांच्या कडा सारख्या नसत, म्हणून कातरून सोनें चोरणें सोपें. ट्यूडर नाणें हातीं घेतांना संग्राहक प्रथम तराजू कां मागतो, हें यावरून ध्यानांत येईल. असें नाणें मीं केवळ छायाचित्रांतच पाहिलें आहे.

पुढें सॉव्हरिन हें नांव मागें पडलें तें १८१७ सालीं पुन्हां प्रचारांत आलें, वजन ७.९८ ग्रॅम, कस मात्र तोच २२ कॅरटांचा.

गोवंडीच्या तीन गिन्यांपैकीं दोहोंस दागिन्याचें नाकें डाखलेलें होतें. अशा नाण्यास संग्राहक सोन्याहून अधिक किंमत क्वचितच देतो. तिसरी चिंधींत गुंडाळलेली, अगदीं स्वच्छ. वर पांचवा जॉर्ज. मागें घोडेस्वार संत जॉर्ज अजगरास मारीत आहे. घोड्याच्या पायांखालच्या रेषेवर, १९१८ या सालाच्या वर, भिंगाखालीं एक बारीक ‘आय’ अक्षर दिसलें.

हें अक्षर हिंदुस्थानचें. महायुद्धांत रुप्याचा तुटवडा पडला, तेव्हां १९१८ सालीं मुंबईच्या टांकसाळीच्या आवारांत लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा उघडण्यांत आली. तिनें सुमारें १३ लक्ष सॉव्हरिनें पाडलीं, आणि १९१९ सालीं ती बंदहि झाली. तत्पूर्वीं येथेंच त्याच वजनाच्या १५ रुपयांच्या मोहोरा पाडल्या होत्या. (२०१३ पासून हिंदुस्थानांत पुन्हां सॉव्हरिनें निघूं लागलीं असून त्यांवरहि हेंच अक्षर असतें, म्हणून साल पाहावें.)

आतां कबूल करतों. कांहीं न बोलतां सोन्याच्या भावानें तें नाणें आपणच घ्यावें, असें क्षणभर मनांत आलें. नाद असलेल्या माणसाची हीच परीक्षा असते. विकणारास ठाऊक नसतें तें त्यास ठाऊक असतें. मीं सर्व सांगितलें. १३ लक्षांतील एक म्हणजे दुर्मिळ नव्हे, सोन्याहून थोडें अधिक मिळेल, घबाड नव्हे, हेंहि सांगितलें.

“म्हणजे ही इथलीच?” मातोश्रींनीं विचारलें.

“होय मावशी, कोटांतली.”

त्यांनीं ती पुन्हां चिंधींत बांधली आणि उरलेल्या दोन मुलाच्या हातीं दिल्या. फीची बाकी रक्कम कोठून आणणार, हें विचारण्याचें धाडस मला झालें नाहीं.