खिशांतला संगणक आणि त्याचा थकलेला वीजसांठा

वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या पश्चात् त्यांचें कपाट आवरावयास घ्यावें आणि जुन्या वह्यांच्या खालीं, कातडी पिशवींत जपून ठेवलेलें एक लहानसें यंत्र हातीं लागावें, असा प्रसंग अलीकडे जगांतील पुष्कळ घरांत येऊं लागला आहे. यंत्र चष्म्याच्या घरापेक्षां थोडें मोठें. त्यावर अक्षरांच्या व अंकांच्या बारीक कळा. वरच्या अंगास एक चिंचोळी काच. शेजारींच त्याच्या जोडीचें छापण्याचें यंत्र आणि भिंतींतल्या विजेला लावावयाचा अडॅप्टर. पाहणाऱ्याच्या मनांत पहिली इच्छा कोणती उद्भवते? अडॅप्टर भिंतीला लावावा, कळ दाबावी आणि यंत्र चालतें कीं नाहीं तें पाहावें. इच्छा स्वाभाविक आहे. परंतु चाळीस वर्षें कपाटांत सुखरूप राहिलेलीं कितीएक यंत्रें या एका इच्छेपायीं क्षणार्धांत कायमचीं निकामी झालीं आहेत. तीं कां निकामी होतात आणि कशीं वांचवितां येतात, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम यंत्रांची ओळख. अमेरिकेंतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें १९७४ सालीं 'एच.पी.-६५' नांवाचा गणकयंत्राचा एक प्रकार ७९५ डॉलर किंमतीस बाजारांत आणला. गणिताची कृति यंत्राला एकदां शिकवावी, ती चुंबकीय पट्टीवर उतरवून ठेवावी आणि हवी तेव्हां पुन्हा यंत्रांत भरावी, अशी त्याची योजना होती. १९७५ च्या जुलै महिन्यांत अमेरिकन व रशियन अंतराळवीरांची यानें आकाशांत एकमेकांस जोडलीं गेलीं, त्या मोहिमेंत अमेरिकन यानांत हें यंत्र होतें. पुढें १९८० सालीं जपानांतील शार्प कंपनीनें 'पी.सी.-१२११' काढलें. त्याच्या काचेवर एका वेळीं २४ अक्षरें दिसत आणि त्याच्या स्मृतींत १४२४ पायऱ्यांची कृति मावे. अमेरिकेंत रेडिओ शॅकच्या दुकानांतून हेंच यंत्र 'टी.आर.एस.-८० पॉकेट कॉम्प्युटर' या नांवानें विकलें गेलें. दोनेक वर्षांत त्याचा थोरला भाऊ 'पी.सी.-१५००' आला. त्याच्या जोडीला 'सी.ई.-१५०' हें छापण्याचें यंत्र होतें. त्यांत काळी, निळी, हिरवी आणि तांबडी अशा चार बोटभरहि नसलेल्या लेखण्या एका फिरत्या नळींत बसविलेल्या असत व त्या कागदाच्या अरुंद पट्टीवर आकृति रेखाटीत. हें काम चालू असतांना पाहणें हें आजहि मोठें कौतुकाचें वाटतें. लहान मूलच चित्र काढीत बसलें आहे असा भास होतो.

आतां एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. गणित करावयास वीज फार थोडी लागते. पी.सी.-१२११ हें यंत्र बोराएवढ्या चार पाऱ्याच्या सेलांवर महिनोन्‌महिने चाले. परंतु छापावयाचें म्हटलें कीं मोटार फिरली पाहिजे, कागद सरकला पाहिजे, कांहीं यंत्रांत तर छापणारें डोकें तापलेंहि पाहिजे. गणित विजेचा घोट घेतें, छपाई घागरीच रिचविते. म्हणून छापणाऱ्या यंत्रांत पुन्हा पुन्हा भरतां येणारे सेल बसविण्याची चाल पडली. हे सेल निकेल आणि कॅडमियम या दोन धातूंचे. स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर या संशोधकानें १८९९ सालीं या जातीचा सेल प्रथम तयार केला आणि तो पूर्णपणें बंद डबींत घालण्याची युक्ति १९४७ च्या सुमारास साधली. त्याचा दाब १.२ व्होल्ट. त्याचा मोठा गुण असा कीं मागितल्यास तो क्षणभर पुष्कळ वीज एकदम देऊं शकतो.

येथें सर्वसाधारण समजुतींतली चूक स्पष्ट केली पाहिजे. लोकांना वाटतें कीं सेल म्हणजे प्रवासांतली शिदोरी. घरीं भिंतीची वीज असली म्हणजे तिची गरज नाहीं. या जुन्या यंत्रांत तसें नाहीं. ज्यांच्या घरीं नळाला करंगळीएवढी धार येते त्यांना हें लवकर समजेल. ती धार रात्रभर रांजणांत पडत राहते आणि सकाळीं घरांतलीं माणसें रांजणांतून भराभर घागरी उपसतात. रांजण फुटका असेल तर नळ चालू असूनहि स्नान व्हावयाचें नाहीं. अडॅप्टर ही ती धार आणि सेल हा तो रांजण. सेल मेलेला असला म्हणजे अडॅप्टर लावूनहि लेखणी जागची हलत नाहीं, किंवा एक अक्षर उमटून यंत्र बंद पडतें. आणि मालकाला वाटतें कीं छापण्याचें यंत्रच बिघडलें.

याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. त्या काळचे अडॅप्टर ओबडधोबड असत. त्यांवर भार नसला म्हणजे त्यांचा दाब लिहिलेल्या आंकड्यापेक्षां बराच वर चढे. तो आवरण्याचें काम सेलच करी. भरतांना निकेल-कॅडमियम सेल सुमारें १.४ व्होल्टांवर थांबतो आणि जास्तीची वीज स्वतःच्या अंगांत उष्णतेच्या रूपानें जिरवितो. धरणाला जसा सांडवा. ह्यूलेट-पॅकार्डच्या १९७५ सालच्या 'एच.पी.-२१' व 'एच.पी.-२५' या यंत्रांत हा सांडवा म्हणजे दोन सेलांची एक लहान पेटी होती. ती पेटी काढून, किंवा तिच्या अग्रांवर गंज चढला असतां, यंत्र अडॅप्टरवर लावलें तर चढलेला दाब सरळ आंतल्या नाजूक चकत्यांवर जाऊन पडतो. त्या चकत्या आतां कोठेंच तयार होत नाहींत. यंत्र गेलें तें गेलें.

सेल मरतात कसे, याविषयीं लोकप्रवाद फार आहेत. 'सेलाला अर्धवट भरण्याची आठवण राहते' हें कारण सर्वांच्या तोंडीं असतें. तशी घटना कांहीं परिस्थितींत घडते हें खरें. परंतु घरगुती यंत्रांतील बहुतेक सेल तिच्यामुळें मेलेले नसतात. ते मरतात ते कौतुकानें! यंत्र टेबलावर सदैव अडॅप्टरला लावून ठेवावयाचें, म्हणजे 'भरलेलें राहील'. महिन्यांमागून महिने ती उष्णता सोसून आंतला द्रव आटतो, झांकणाची सांध सैल पडते. उलट, यंत्र विसरलें गेलें तर दुसरीच विपत्ति ओढवते. चार सेल एका माळेंत जोडलेले असतात. चार बैल एका गाड्याला जुंपावे आणि त्यांतला एक थकून बसावा, तर बाकीचे तिघे त्याला फरफटत नेतात. तद्वत् सर्वांत दुबळा सेल आधीं रिकामा होतो आणि इतर सेल त्याच्यांतून उलट दिशेनें वीज ढकलतात. कांहीं सेलांत कॅडमियमचे केंसासारखे तंतु वाढून दोन्ही अग्रें आंतूनच जोडलीं जातात. जोराचा झटका देऊन ते तंतु जाळण्याची विद्या कांहीं हौशी लोक सांगतात. सेल घटकाभर जिवंत होतो हें खरें, पण अशा सेलावर भरंवसा ठेवणें शहाणपणाचें नव्हे. तो भरलेला राहत नाहीं.

मेलेला सेल नुसता निरुपयोगी नसतो. तो पाझरूं लागतो. आंतला द्रव म्हणजे पोटॅशियमचा दाहक क्षार. बाहेर आल्यावर हवेंतील कर्बवायूशीं त्याचा संयोग होऊन पांढरी बुकणी जमते. घड्याळांत किंवा टॉर्चमध्यें विसरलेल्या साध्या सेलावर अशीच बुकणी अनेकांनीं पाहिली असेल. हा क्षार स्वस्थ बसत नाहीं. तारेच्या आवरणाच्या आंतून सरपटत तो दूरच्या टोंकापर्यंत जातो. तांबें काळें पडतें व त्याला डाख धरीनासा होतो. पाट्यावरील तांब्याच्या रेघा हिरव्या-निळ्या होऊन तुटतात. म्हणून अशा यंत्राच्या बाबतींत 'आज नाहीं, पुढें पाहूं' हें धोरण चालत नाहीं. जी दुरुस्ती आज तासाभराची आहे ती दोन पावसाळ्यांनीं अशक्य होते.

तेव्हां पहिलें काम अडॅप्टर दूर ठेवण्याचें, आणि दुसरें यंत्र उघडून सेल बाहेर काढण्याचें. हातांत रबरी मोजे व डोळ्यांस चष्मा असावा. बुकणी फुंकून उडवूं नये, कारण तींत कॅडमियमचा अंश असूं शकतो. क्षाराला उतारा आम्लाचा. कापसाच्या बोळ्यानें थोडा शिरका किंवा लिंबाचा रस लावावा, फेंस थांबला कीं शुद्ध केलेल्या पाण्यानें पुसावें, शेवटीं दारूच्या अर्कानें कोरडें करावें. काळ्या पडलेल्या तारा घासत बसण्यापेक्षां बदलाव्या.

नवीन सेल कोणते घालावे? आज निकेल-कॅडमियमचे सेल दुर्मिळ होत चालले आहेत. युरोपीय संघानें २००६ च्या आदेशानें घरगुती वापराच्या लहान बॅटऱ्यांत कॅडमियमला कांहीं अपवाद सोडून मनाईच केली. परंतु त्यांची जागा घेणारा निकेल-मेटल-हायड्राइड हा सेलहि १.२ व्होल्टांचाच आहे, ही मोठी सोय झाली. त्यांतहि न वापरतां ठेवला तरी भराभर रिकामा न होणारा जो प्रकार २००५ पासून मिळूं लागला, तो पसंत करावा. पूर्वी जितके सेल होते तितकेच, त्याच आकाराचे आणि त्याच क्रमानें जोडावे. सेलावर प्रत्यक्ष डाख देऊं नये. उष्णतेनें आंतलें बूच वितळतें. धातूच्या पट्ट्या आधींच जोडलेले सेल मागून घ्यावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या पेठेंत ते मिळूं शकतात.

भरण्याचा हिशेब मात्र नव्यानें मांडावा लागतो. जुन्या सेलाची धारणा सुमारें ४५० मिलिअँपिअर-तास. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ४५ मिलिअँपिअर, अशी धार अडॅप्टर देई आणि वाया जाणारी वीज धरून चौदा ते सोळा तासांत सेल भरे. नवा सेल २००० मिलिअँपिअर-तासांचा असला तर त्याच धारेनें तो पुरता भरावयास साठ तासांच्या वर लागतील. यांत बिघाड कांहीं नाहीं. रांजण मोठा झाला, नळ तोच राहिला. रात्रभर लावून मिळेल तेवढ्यावर भागवावें, किंवा सेल काढतां येण्यासारखे असतील तर बाहेर वेगळ्या चार्जरवर भरून घ्यावे.

दोन मोह मात्र कटाक्षानें टाळावे. न भरतां येणारे साधे अल्कलाइन सेल बसवून वर अडॅप्टर लावणें हा एक. ते पाझरतात, प्रसंगीं फुटतात. दुसरा मोह अधिक सुशिक्षितांचा आहे. एच.पी.-६५ च्या पेटींत तीन सेल, म्हणजे ३.६ व्होल्ट. आजच्या मोबाइल फोनमधील लिथियमचा एकच सेल जवळजवळ तितक्याच दाबाचा. तेव्हां तोच कां बसवूं नये? कारण तो ४.२ व्होल्टांच्या वर भरला जातां कामा नये, आणि जुन्या अडॅप्टरला थांबणें ठाऊकच नाहीं. निकेलचा सेल जास्तीची वीज उष्णता करून जिरवितो. लिथियमचा सेल पेट घेतो.

एवढें करून यंत्र चालूं लागलें तरी एका गोष्टीची आशा धरूं नये. या खिशांतल्या संगणकांची स्मृति त्यांच्या सेलांवरच जगत असे. सेल संपले त्या दिवशीं मालकानें महिनोन्‌महिने बसून रचलेल्या कृति, मग त्या पुलाच्या तुळयांच्या असोत, जमीनमोजणीच्या असोत कीं घरखर्चाच्या, पुसल्या गेल्या. त्या कोठें उरल्या असतील तर ध्वनिफितींवर, चुंबकीय पट्ट्यांवर, नाहींतर छापलेल्या कागदाच्या गुंडाळींत. उष्णतेनें छापलेला कागद प्रकाशांत फिका होत जातो, म्हणून तसल्या पट्ट्यांचें आधीं छायाचित्र घेऊन ठेवावें. सी.ई.-१५० च्या शाईच्या पट्ट्या त्या मानानें टिकाऊ. त्या पाहून एकेक ओळ पुन्हा टंकतां येते. यंत्रापेक्षां कित्येकदां ती गुंडाळीच मोलाची असते आणि कपाट आवरतांना रद्दींत जाते तीहि तीच.

राहतां राहिले बाहेर काढलेले जुने सेल. ते केराच्या टोपलींत टाकावयाचे नाहींत. कॅडमियम हाडांत शिरून काय करतें हें ज्या देशानें हीं सुंदर यंत्रें केलीं त्यानेंच अनुभविलें आहे. जपानांतील तोयामा प्रांतांत, जिंझू नदीच्या कांठीं, खाणींतून वाहत आलेल्या कॅडमियमनें भातशेतें दूषित झालीं. लोकांचीं हाडें ठिसूळ होऊन त्यांना असह्य वेदना होऊं लागल्या. वेदनेच्या उद्गारावरून त्या व्याधीला 'इताई-इताई' असेंच नांव पडलें आणि १९६८ सालीं सरकारनें कॅडमियम हें तिचें कारण असल्याचें मान्य केलें. भारतांत बॅटरीच्या कचऱ्यासंबंधीं २०२२ चे नियम आहेत. त्यांप्रमाणें जुने सेल संकलन-केंद्रावर द्यावयाचे असतात. तोंवर त्यांच्या अग्रांवर चिकटपट्टी लावून ते कांचेच्या बरणींत, मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशा फळीवर ठेवावे. आणि नव्या सेलांवर ते बसविल्याची तारीख लिहून, यंत्र पुन्हा कपाटांत जाण्यापूर्वीं, काढतां येत असतील तर तेहि बाहेर काढावे.