हवाई रुग्णवाहिकेची पारख कुणी करायची?

भाजी घेताना आपण चार ठिकाणी भाव विचारतो. अपघातात बेशुद्ध पडलेला माणूस हेलिकॉप्टरवाल्याला काय विचारणार? त्याच्या वतीनं आधीच कुणीतरी विचारून ठेवायला हवं.

अमेरिकेत हे काम वाटून दिलेलं आहे. हेलिकॉप्टर उडण्यास सुरक्षित आहे का, हे केंद्र सरकार पाहतं. आतली परिचारिका प्रशिक्षित आहे का, औषधं आणि उपकरणं पुरेशी आहेत का, हे राज्य पाहू शकतं. भाडं मात्र राज्याला ठरवता येत नाही; १९७८च्या विमानसेवा नियंत्रणमुक्ती कायद्यानं त्याचे हात बांधले आहेत.

गुणवत्तेचं प्रमाणपत्र देते १९९० साली स्थापन झालेली ‘कॅम्ट्स’ ही बिगरसरकारी संस्था. काही राज्यांत परवान्यासाठी अशा मान्यतेची अट आहे. अट चांगलीच, पण कागद पाहून परवाना दिला आणि फाइल मिटली, असं होऊ नये. राज्यानं तपासणी अहवाल मागवावा, तक्रार आली तर स्वतः जाऊन पाहावं.

जानेवारी २०२२पासून केंद्राच्या कायद्यानं विमाधारकांना हवाई रुग्णवाहिकेच्या अनपेक्षित बिलापासून संरक्षण दिलं. खिशाची काळजी घेतली गेली. जिवाची काळजी मात्र बिल येण्याआधीच घ्यावी लागते.