दुसरी गांठ

एकदां कर्करोग झालेल्या मनुष्यास पुढें दुसरीकडे गांठ आली, कीं जुनाच रोग पसरला असें समजून घरचीं माणसें हातपाय गाळतात. ही घाई बरी नव्हे. एकाच देहांत दोन स्वतंत्र कर्करोग उद्भवूं शकतात. तंबाखूनें तर तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस हीं सारींच नासतात. वॉरेन व गेट्स ह्यांनीं १९३२ सालीं कसोटी घालून दिली: दोन्ही गांठी घातक व परस्परांहून निराळ्या असाव्या, आणि एक दुसरीपासून पसरलेली नसावी. हें चांचपून कळत नाहीं. नव्या गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावाच लागतो. पसरलेल्या रोगास बहुधा सर्वांगांत पोंचणारें औषध लागतें. स्वतंत्र, लहान गांठ मात्र कापून समूळ निघूं शकते. पहिल्या रोगाचे कागद व कांचपट्ट्या म्हणूनच डॉक्टरांपुढें ठेवाव्या.